वर्डप्रेसमध्ये प्लगइन निवडताना, बसवताना आणि काढताना

नवी वर्डप्रेस साइट उभी राहिली की लगेच यादी सुरू होते. संपर्काचा फॉर्म हवा, फोटोंची गॅलरी हवी, साइट झटकन उघडायला हवी, गूगलमध्ये वर यायला हवी. प्रत्येक गोष्टीसाठी प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, आहे आणि बहुतेक वेळा तो फुकटच आहे. वर्डप्रेस हे वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर २००३ साली आलं, पुढच्याच वर्षी १.२ या आवृत्तीत प्लगइनची सोय झाली, आणि आज अधिकृत प्लगइन डिरेक्टरीत पन्नास हजारांहून जास्त मोफत प्लगइन आहेत. त्यामुळे नवख्या माणसाला प्लगइन सापडत नाही असं कधी होत नाही. अडचण येते ती नंतर, अपडेटनंतर साइट बंद पडते तेव्हा, किंवा साइटवर भलत्याच जाहिराती दिसायला लागतात तेव्हा.

माझ्याकडे वाचनालय, शाळा आणि लहान व्यावसायिकांच्या साइट सांभाळायला असतात. नव्याने साइट चालवायला घेणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट आधी सांगतो: प्लगइन बसवण्यापूर्वी तो काढायचा कसा आणि बिघाड झाला तर मागे यायचं कसं, हे ठरलेलं असलं पाहिजे. मोबाइलमधलं ॲप कॅमेरा किंवा कॉन्टॅक्ट वापरण्याआधी परवानगी मागतं. वर्डप्रेसच्या प्लगइनला अशी परवानगी मागावी लागत नाही. तो सुरू झाला की साइटची माहिती साठवणारा डेटाबेस वाचू शकतो, नवा ॲडमिन तयार करू शकतो, फाइल पुसू शकतो. म्हणून खालच्या पायऱ्यांत प्लगइन शोधण्याचं काम चौथ्या क्रमांकावर आहे. आधीच्या तीन पायऱ्या गाळू नका.

१. तुमचं वर्डप्रेस कोणतं, ते बघा

वर्डप्रेस डॉट कॉम आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉट कॉम ही तयार जागा देणारी सेवा आहे आणि तिच्या मोफत योजनेत प्लगइन बसवता येत नाहीत. डॉट ऑर्गवरून मिळणारं मोफत सॉफ्टवेअर आपण आपल्या होस्टिंगवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, चालवतो, तिथे कोणताही प्लगइन बसतो. डॅशबोर्डच्या, म्हणजे लॉगिन केल्यावर उघडणाऱ्या पानाच्या, डाव्या बाजूला प्लगइन्स हा मेनूच दिसत नसेल तर बहुधा दोनपैकी एक कारण असतं: योजना मोफत आहे, किंवा तुमचं खातं ॲडमिनिस्ट्रेटर नसून एडिटर वा ऑथर आहे. साइट दुसऱ्या कुणी बनवून दिली असेल तर स्वतःच्या नावाचं ॲडमिनिस्ट्रेटर खातं मागून घ्या. बनवून देणाऱ्याचाच पासवर्ड वापरत राहू नका.

२. हाताशी काय हवं

- ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचं लॉगिन.
- होस्टिंगच्या पॅनेलचं लॉगिन, म्हणजे सीपॅनेल किंवा त्यासारखं जे असेल ते. डॅशबोर्ड उघडेनासा झाला की साइटमध्ये शिरायचा हाच मार्ग उरतो.
- पॅनेलमधलं फाइल मॅनेजर, किंवा एफटीपीची (सर्व्हरवर फाइल नेण्या-आणण्याच्या सोयीची) माहिती आणि फाइलझिलासारखं सॉफ्टवेअर.
- सेटिंग्ज, जनरल इथे लिहिलेला ॲडमिनचा ईमेल. तो चालू हवा आणि तुम्ही रोज बघता तो हवा. साइट सोडून गेलेल्या माणसाचा ईमेल तिथे वर्षानुवर्षं तसाच राहिलेला अनेक ठिकाणी आढळतो.
- बॅकअप ठेवायला सर्व्हरबाहेरची जागा, उदाहरणार्थ गूगल ड्राइव्ह.
- एक साधी शीट: प्लगइनचं नाव, कशासाठी बसवला, कधी, कुणी, सशुल्क असेल तर लायसन्स कोणाच्या नावावर आणि कधी संपतं.

शेवटची शीट बरेच जण टाळतात. पण समितीत माणसं बदलतात, आणि दोन वर्षांनी कोणता प्लगइन कशाला आहे हे कुणालाच सांगता येत नाही. मग काढायची भीती वाटते आणि ते ओझं साइटवर तसंच राहतं.

अजून एक. वर्डप्रेस ४.७ पासून प्रत्येकाला आपल्या प्रोफाइलमध्ये डॅशबोर्डची भाषा वेगळी ठेवता येते. साइट मराठीत ठेवा, पण शिकत असेपर्यंत स्वतःचा डॅशबोर्ड इंग्रजीत ठेवलात तर अडचणीच्या वेळी एररचा मजकूर जसाच्या तसा शोधता येतो. खालची बटणांची नावंही मी त्यासाठीच इंग्रजीतली दिली आहेत.

३. मेल आणि बॅकअप, बाकी सगळं नंतर

पहिला प्लगइन गॅलरीचा किंवा एसईओचा (गूगलमध्ये वर येण्यासाठीचा) नको, मेलचा असू द्या. प्लगइनमुळे साइट कोसळली तर दुरुस्तीची खास लिंक वर्डप्रेस ईमेलनेच पाठवतं. आणि स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवरून गेलेले मेल बऱ्याचदा स्पॅममध्ये पडतात किंवा पोचतच नाहीत. म्हणजे ज्या दिवशी लिंक हवी त्याच दिवशी ती मिळत नाही.

डब्ल्यूपी मेल एसएमटीपी किंवा त्यासारखा प्लगइन बसवून साइटचे मेल खऱ्या मेलबॉक्समधून जातील असं करा. जीमेल वापरणार असाल तर त्या खात्याला आधी दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा आणि मग सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड तयार करून तो प्लगइनमध्ये भरा. नेहमीचा पासवर्ड तिथे चालत नाही. शेवटी चाचणीचा मेल पाठवा आणि तो इनबॉक्समध्येच आला ना, ते पाहा.

दुसरा प्लगइन बॅकअपचा. अपड्राफ्टप्लसची मोफत आवृत्ती लहान साइटला पुरते. बॅकअपमध्ये दोन गोष्टी लागतात: फाइल्स आणि डेटाबेस. लेख, पानं, सेटिंग्ज डेटाबेसमध्ये असतात. फोटो, थीम (साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइल), प्लगइन फाइल्समध्ये. एकाच गोष्टीचा बॅकअप असेल तर साइट पूर्ण उभी राहत नाही. आणि बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवला तर सर्व्हर गेला की तोही गेला. तो ड्राइव्हवर जाऊ द्या, आणि एकदा रिकाम्या सबडोमेनवर (आपल्याच पत्त्याखाली केलेल्या वेगळ्या जागेवर) परत चढवून बघा. चढवून न बघितलेल्या बॅकअपवर मी तरी भरवसा ठेवत नाही.

४. गरज लिहा, मग शोधा

शोधण्याआधी एक वाक्य लिहा: “सभासदाने फॉर्म भरला की ग्रंथपालांना मेल जावा आणि माहिती साइटवरही साठावी.” इतकं नेमकं लिहिलं की निम्मे प्लगइन आपोआप बाद होतात.

काही गोष्टींसाठी प्लगइन आता लागतच नाहीत. फोटो स्क्रोल करताना गरजेप्रमाणे उघडणं आणि सर्च इंजिनसाठीचा साइटमॅप (पानांची यादी) या दोन्ही सोयी २०२० मध्ये आलेल्या ५.५ या आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्येच आहेत. वेबपी या हलक्या प्रकारातले फोटो ५.८ पासून थेट चढवता येतात. तक्ता, बटण, गॅलरी, दोन स्तंभांची मांडणी हे सगळं ब्लॉक एडिटरमध्ये, म्हणजे वर्डप्रेसच्या लेख लिहायच्या चौकटीतच, आहे. यूट्यूबचा व्हिडिओ दाखवायला त्याची लिंक वेगळ्या ओळीवर चिकटवली की पुरे. जुने लेख वाचून या कामांसाठी आजही प्लगइन बसवले जातात.

“प्लगइन किती असावेत?” हा प्रश्न मला नेहमी विचारतात. आकड्याला फारसा अर्थ नाही. नीट लिहिलेले वीस प्लगइन एका बेशिस्त पेज बिल्डरपेक्षा (पानांची मांडणी करणाऱ्या मोठ्या प्लगइनपेक्षा) हलके असू शकतात. प्रत्येक प्लगइन म्हणजे कुणातरी अनोळखी माणसाच्या कामावर टाकलेला विश्वास, हे लक्षात ठेवून मोजा.

५. प्लगइनच्या पानावर काय वाचायचं

ही पायरी सर्वात महत्त्वाची आहे, इथे वेळ द्या.

लास्ट अपडेटेड: वर्षभर हात न लागलेला प्लगइन मी सहसा सोडून देतो. अगदी लहान, एकच काम करणारा असेल तर गोष्ट वेगळी. वर्डप्रेसच्या शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर तपासलेला नाही, अशी सूचना पानाच्या वर दिसत असेल तर पुढे जाऊ नका.

टेस्टेड अप टू आणि पीएचपी व्हर्जन: पहिला आकडा म्हणजे वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासलं ते, आणि तो डेव्हलपर स्वतः भरतो, त्यामुळे ती हमी नव्हे. पीएचपी ही वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलं आहे ती, तिचा आकडा मात्र तुमच्या होस्टिंगशी ताडून बघा. टूल्स, साइट हेल्थ, इन्फो या पानावर तुमच्या सर्व्हरची पीएचपी आवृत्ती कळते.

रेटिंग: सरासरी सोडा, एक तारा देणाऱ्यांचं म्हणणं आधी वाचा. “अपडेटनंतर सेटिंग्ज उडाल्या”, “मोफत असलेली सोय पैशाच्या आवृत्तीत हलवली” अशा तक्रारी वेगवेगळ्या लोकांनी केल्या असतील तर त्या गांभीर्याने घ्या. सपोर्ट टॅबमध्ये डेव्हलपर उत्तरं देतोय का, तेही बघा.

ॲक्टिव्ह इन्स्टॉलेशन्स: मोठा आकडा धीर देतो, पण तेवढ्यावर विसंबू नका. सप्टेंबर २०२० मध्ये फाइल मॅनेजर नावाच्या प्लगइनमध्ये असं भगदाड सापडलं की लॉगिन न करता कुणालाही सर्व्हरवर फाइल चढवता येत होती. तो तेव्हा सात लाखांहून जास्त साइटवर चालू होता. दुरुस्ती लवकर आली, पण ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांच्या साइटवर हल्ले होत राहिले.

मालकी बदलते, हेही ध्यानात ठेवा. डिस्प्ले विजेट्स हा दोन लाख साइटवरचा चांगला प्लगइन त्याच्या मूळ लेखकाने विकला. २०१७ मध्ये नव्या मालकाने अपडेटमधून त्यात लपवाछपवीचा कोड घातला आणि साइटवर स्पॅम पानं दिसू लागली. ती लॉगिन केलेल्या ॲडमिनला दिसत नव्हती, फक्त बाहेरच्या वाचकांना दिसत होती. शेवटी तो डिरेक्टरीतून काढला गेला. चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) अचानक लेखकाचं नाव बदललेलं दिसलं की थोडं थांबून चौकशी करा.

आणि एक गोष्ट ठाम सांगतो: सशुल्क प्लगइनच्या “नल्ड”, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेल्या प्रती घेऊ नका. टेलिग्रामवर कुणी पाठवल्या तरी नको. डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाचं मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, मुख्यतः अशाच प्रतींतून पसरलं. एका साइटवर शिरलं की त्याच होस्टिंगवरच्या इतर साइटमध्येही ते पोचतं.

६. प्रत्यक्ष बसवणं

डिरेक्टरीतला प्लगइन असेल तर प्लगइन्स मेनूतून नवा जोडा, नाव शोधा, इन्स्टॉल नाऊ, मग ॲक्टिव्हेट. सारख्या नावाचे बरेच असतात, म्हणून लेखकाचं नाव जुळवून घ्या. काही प्लगइनच्या पानावर लाइव्ह प्रिव्ह्यू असतं, त्याने ब्राउझरमध्येच तात्पुरती साइट उघडून प्लगइन हाताळून बघता येतो. तुमच्या साइटला धक्का लागत नाही.

विकत घेतलेला प्लगइन झिप फाइलमधून येतो आणि अपलोड प्लगइन या बटणाने चढतो. इथे दोन ठरलेल्या अडचणी येतात. “नो व्हॅलिड प्लगइन्स वेअर फाउंड” असं आलं तर बहुधा तुम्ही माहितीपत्रकांसकटची मोठी झिप चढवली आहे. ती संगणकावर उघडा, आत प्लगइनची खरी झिप असेल, ती चढवा. “द लिंक यू फॉलोड हॅज एक्स्पायर्ड” असं आलं तर लिंकचा काही संबंध नसतो, फाइल सर्व्हरच्या अपलोड मर्यादेपेक्षा मोठी असते. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ती मर्यादा वाढवा किंवा उघडलेलं फोल्डर फाइल मॅनेजरमधून प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये ठेवा.

एका वेळी एकच प्लगइन. तो सुरू केल्यावर साइट नेहमीच्या ब्राउझरमध्ये न बघता इन्कॉग्निटो खिडकीत आणि मोबाइलवर, लॉगिन न करता बघा. मुख्यपान, एखादा लेख, फॉर्म, असेल तर खरेदीचं पान. डिस्प्ले विजेट्सच्या प्रकरणात ॲडमिनला काहीच का कळलं नाही, ते वर आलंच आहे.

कॅशचा प्लगइन, म्हणजे तयार पानं साठवून साइट झटकन उघडणारा, एकच ठेवा. दोन कॅश प्लगइन एकमेकांच्या फाइलींवर काम करू लागले की जुनी पानं दिसणं, मांडणी विस्कटणं असे प्रकार होतात, आणि कारण शोधता शोधता दिवस जातो. लाइटस्पीड कॅश हा त्याच नावाच्या सर्व्हरसाठी बनवलेला आहे, तेव्हा आपल्या होस्टिंगवर कोणता सर्व्हर आहे ते आधी विचारा. सुरक्षेचे प्लगइनही दोन-दोन नकोत.

७. मराठी साइटसाठी वेगळं काय

लेखाचं शीर्षक देवनागरीत लिहिलं की वर्डप्रेस त्यावरूनच पत्ता बनवतं. पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्क्याच्या खुणांनी लिहिलं जातं आणि एका चिन्हाला नऊ जागा लागतात. डेटाबेसमध्ये या पत्त्यासाठी दोनशे जागा असतात. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी धरून जेमतेम बावीस चिन्हं मावतात आणि लांब शीर्षक मध्येच तुटतं. व्हॉट्सॲपवर अशी लिंक पाठवली की आकडे आणि खुणांची लांबलचक माळ दिसते. यावर प्लगइन मिळतात, पण मी ते वापरत नाही. प्रकाशित करण्याआधी पत्त्याच्या चौकटीत रोमन लिपीत तीन-चार शब्द हाताने लिहिणं जास्त भरवशाचं आहे. प्रकाशित लेखाचा पत्ता नंतर बदलला तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपणच वळवतं, पण स्थिर पानांसाठी तसं करत नाही. तिथे रिडायरेक्शन हा प्लगइन उपयोगी पडतो.

एसईओ प्लगइनचे लाल-हिरवे ठिपके मराठी मजकुरासाठी मनावर घेऊ नका. तुम्ही मुख्य शब्द “पुणे” दिला आणि मजकुरात “पुण्यात”, “पुण्याचा”, “पुण्याहून” लिहिलं, तर तो शब्द आलाय हे त्याला नीट ओळखता येत नाही. ठिपका हिरवा करण्यासाठी वाक्यं वाकडी केलेले लेख मी वाचले आहेत, आणि ते वाचवत नाहीत. या प्लगइनकडून शीर्षक, वर्णन आणि शेअर करतानाचं चित्र एवढं काम घ्या.

फॉन्टसाठी वेगळा प्लगइन घेण्याआधी थीम बघा. ब्लॉक थीम (सगळी साइट ब्लॉक एडिटरनेच मांडता येणारी) असेल तर ६.५ पासून फॉन्ट लायब्ररी आत आहे. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त आणि बलू हे दोन्ही फॉन्ट तिथून बसवता येतात. लागतील तेवढीच वजनं (अक्षरांची जाडी) घ्या, नाहीतर मोबाइलवर पान जड होतं.

मराठी आणि इंग्रजी अशी दोन भाषांची साइट हवी असेल तर तो निर्णय सुरुवातीलाच घ्या. पॉलीलँगसारख्या प्लगइनमध्ये प्रत्येक भाषेचं पान वेगळं असतं आणि दोन्ही पानं जोडली जातात. शंभर लेख झाल्यावर हे जोडकाम करणं फार कष्टाचं असतं. मशीनने आपोआप भाषांतर करून टाकणारे प्लगइन मराठीसाठी वापरू नयेत असं मला मनापासून वाटतं. संस्थेची घटना, प्रवेशाचे नियम, देणगीच्या अटी यांत चुकीचा एक शब्द महागात पडतो.

८. फॉर्म आणि पैसे

कॉन्टॅक्ट फॉर्म ७ सोपा आणि हलका आहे, पण तो आलेला मजकूर साइटवर साठवत नाही, फक्त मेल पाठवतो. मेल हरवला की माहिती हरवली. त्याच लेखकाचा फ्लेमिंगो हा प्लगइन सोबत बसवला की प्रत्येक संदेश डॅशबोर्डमध्येही राहतो. फॉर्मच्या मेलमध्ये “फ्रॉम” इथे साइटच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवा आणि फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता “रिप्लाय टू” मध्ये द्या. उलट केलंत तर मेल खोटा समजून अडवला जातो. फॉर्ममध्ये आधार क्रमांक, जन्मतारीख असं गरज नसताना मागू नका. माहिती घेतली की ती सांभाळण्याची जबाबदारीही तुमचीच असते.

विक्रीसाठी वूकॉमर्स हा दुकानाचा प्लगइन आणि यूपीआय घेणारा एखादा पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा, अशी जोडी लागते. गेटवेचा प्लगइन पाच मिनिटांत बसतो, वेळ लागतो तो केवायसीला. पॅन, बँक खातं, संस्थेची नोंदणी, आणि साइटवर परतावा, अटी, गोपनीयता, संपर्क ही पानं तयार ठेवा. आधी टेस्ट मोडमध्ये एक व्यवहार पूर्ण करा, मग लाइव्ह मोडमध्ये अगदी लहान रकमेचा खरा व्यवहार करून तो परत करून बघा. कार्ट आणि चेकआउटची पानं कॅशमधून वगळली आहेत ना, हेही तपासा.

९. साइट उघडेनाशी झाली तर

“देअर हॅज बीन अ क्रिटिकल एरर” असं दिसलं तर घाबरून साइट पुसू नका. मजकूर डेटाबेसमध्ये सुरक्षित असतो.

आधी ॲडमिनचा ईमेल उघडा. ५.२ पासून वर्डप्रेस कोणत्या प्लगइनमुळे अडलं ते सांगणारा मेल पाठवतं आणि त्यात रिकव्हरी मोडची लिंक असते. त्या लिंकने आत गेलं की तो प्लगइन तुमच्यापुरता थांबवलेला असतो. मग तो डीॲक्टिव्हेट करा, साइट सर्वांसाठी सुरू होते.

मेल आला नाही तर होस्टिंगचं फाइल मॅनेजर उघडा. डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमध्ये प्लगइन्स फोल्डर, आणि त्यात प्रत्येक प्लगइनचं आपापलं फोल्डर असतं. संशयित फोल्डरच्या नावाला शेवटी एखादं अक्षर जोडा. नाव बदललं की वर्डप्रेसला प्लगइन सापडत नाही आणि तो बंद होतो. कोणता ते माहीत नसेल तर आख्ख्या प्लगइन्स फोल्डरचं नाव बदलून डॅशबोर्डमधलं प्लगइन्सचं पान एकदा उघडा, नाव पूर्ववत करा आणि एकेक सुरू करत जा.

साइट चालू आहे पण काहीतरी बिनसलंय, तेव्हा हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग हा प्लगइन वापरा. त्याच्या ट्रबलशूटिंग मोडमध्ये सगळे प्लगइन फक्त तुमच्यासाठी बंद होतात, वाचकांना साइट नेहमीसारखीच दिसते.

१०. अपडेट आणि काढून टाकणं

५.५ पासून प्लगइनच्या यादीतच प्रत्येकासमोर ऑटो-अपडेटचा पर्याय आहे. फॉर्म, मेल, बॅकअप, सुरक्षा यांना तो सुरू ठेवा. वूकॉमर्स आणि पेज बिल्डर मात्र बॅकअप घेऊन, स्वतः समोर बसून अपडेट करा, आणि शनिवारी रात्री करू नका, होस्टिंगचा सपोर्ट जागा असेल त्या वेळी करा. सशुल्क प्लगइनचं लायसन्स संपलं तरी तो सहसा चालूच राहतो, फक्त अपडेट थांबतात. बाहेरून सगळं ठीक दिसतं, म्हणून नूतनीकरणाची तारीख शीटमध्ये हवी.

प्लगइन डिरेक्टरीतून काढला गेला तर तो तुमच्या साइटवरून आपोआप जात नाही. तीन-चार महिन्यांतून एकदा प्रत्येक प्लगइनचं डिरेक्टरीतलं पान उघडून “धिस प्लगइन हॅज बीन क्लोज्ड” असं आलंय का ते बघा, आणि आलं असेल तर पर्याय शोधायला लागा.

नको असलेला प्लगइन नुसता डीॲक्टिव्हेट करून ठेवू नका. त्याच्या फाइल्स सर्व्हरवर राहतात आणि त्यातलं भगदाडही राहतं. साइटबरोबर आलेला हॅलो डॉली हा नमुन्याचा प्लगइनसुद्धा काढून टाका. डिलीट करण्याआधी प्लगइनच्या सेटिंग्जमध्ये “काढताना माहितीही पुसावी का” असा पर्याय आहे का ते बघा. फॉर्मच्या नोंदी, ऑर्डर, सभासदांची यादी हवी असेल तर आधी एक्स्पोर्ट करून घ्या. जुन्या लेखांत त्या प्लगइनचे शॉर्टकोड, म्हणजे चौकटी कंसांत लिहिलेल्या सूचना, असतील तर डिलीट केल्यावर ते चौकटी कंसांसकट उघडे दिसायला लागतात. डॅशबोर्डच्या शोधात शॉर्टकोडचं नाव टाकून ते लेख आधी शोधा, दुरुस्त करा, मग प्लगइन डिलीट करा. आणि शीटमधल्या त्याच्या ओळीपुढे काढल्याची तारीख आणि कारण लिहा.